गोल्फ कार्टची चावी कुणाकडे?

आजच्या भागाचं कारण म्हणजे माझे बाबा आणि त्यांचे गुडघे.

मी राहते अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनामधल्या शार्लटला. उन्हाळ्यात आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचला जातो, साडेतीन-चार तासांवर. तिथली समुद्राकाठची कॅम्पग्राउंड्स म्हणजे तंबूबिंबू नाही हं. छोटं गावच असतं. आत रस्ते, दुकान, पोहण्याचा तलाव, आणि आपली जागा मिळाली मागच्या रांगेत तर वाळूपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं. मागच्या वर्षी पुण्याहून आई-बाबा आले होते. पहिल्याच दिवशी बाबा अर्ध्या रस्त्यात एका बाकावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही जा पुढे, मी इथून बघतो." तिथून समुद्र दिसत नव्हता.

तिथे जो तो गोल्फ कार्टमधून फिरतो. आपल्याकडे विमानतळावर ती बॅटरीवरची गाडी असते ना, आजी-आजोबांना नेणारी, तशीच ही. भाड्यानेही मिळते, पण सीझनमध्ये दिवसाचं भाडं आमच्या जागेच्या भाड्याच्या जवळ जात होतं. दहा दिवसांचा हिशोब केला आणि नवरा म्हणाला, सेकंडहँडच घेऊ. घेतली. चार सीटची, दोन पुढे आणि दोन मागे तोंड करून.

आता गंमत ऐका. आपण भारतात वाढलेली माणसं. आपल्या डोक्यात गाडीचा विमा शोरूममधूनच गाडीबरोबर येतो. थर्ड पार्टी सक्तीचीच असते, सही करायची की झालं. आणि ही तर गाडीसुद्धा नाही, खेळणं! त्यामुळे मी ठरवून टाकलं की घराच्या विम्यात येत असेल. कॅम्पग्राउंडच्या ऑफिसने बुकिंगच्या वेळी सांगितलं, "स्वतःची कार्ट आणणार असाल तर लायबिलिटी इन्शुरन्सचा पुरावा पाठवा." मी घराची पॉलिसी पाठवली. दुसऱ्या दिवशी परत आली. हे चालणार नाही.

मी चिडून एजंटला फोन केला. त्याने शांतपणे मला माझीच पॉलिसी वाचून दाखवली. अमेरिकेतल्या बऱ्याचशा होमओनर्स पॉलिसी एकाच साच्यातल्या मजकुरावर बेतलेल्या असतात. त्यात मोटरवर चालणाऱ्या वाहनामुळे कुणाला इजा झाली तर ती जबाबदारी आधी वगळलेली असते. मग गोल्फ कार्टसाठी एक छोटी सवलत दिलेली असते. कार्ट जास्तीत जास्त चार माणसांची हवी, ताशी २५ मैलांपेक्षा जास्त वेगासाठी बनवलेली किंवा बदललेली नको, आणि अपघात झाला तेव्हा ती एक तर गोल्फच्या मैदानाच्या हद्दीत हवी, किंवा तुमचं स्वतःचं घर जिथे आहे अशा, मालकांच्या असोसिएशनच्या ताब्यातल्या खाजगी वसाहतीत हवी. कॅम्पग्राउंड या दोन्हींत कुठे बसतं? कुठेच नाही. म्हणजे घरासमोर मी कार्ट फिरवली तर एक वेळ विमा आहे, आणि जिथे नेण्यासाठी ती घेतली तिथे शून्य.

पुढचा प्रश्न त्याने विचारला तो मला आधी आगाऊ वाटला. "मागच्या सीटवर कोण बसणार?"

मी म्हटलं, पोरंटोरं. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, मग स्वतंत्र पॉलिसी घ्या आणि त्यात मेडिकल पेमेंट्स नक्की टाका.

ती पॉलिसी मला वर्षाला दीडशे डॉलरच्या आसपास पडली. लायबिलिटी म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला लागलं किंवा दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर. कोलिजन म्हणजे आपलीच कार्ट ठोकली तर. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे चोरी, आग, झाड पडणं वगैरे. आणि मेडिकल पेमेंट्स म्हणजे कार्टमध्ये बसलेल्याला लागलं तर, चूक कुणाचीही असो, ठरावीक रकमेपर्यंत उपचाराचा खर्च. मी पाच हजार डॉलरचं घेतलं. कोलिजन नाही घेतलं, कारण जुन्या कार्टची किंमत ती काय! कागद पाठवताना एक बघा. त्यावरचं नाव बुकिंगच्या नावाशी जुळायला हवं, कार्टचा सीरियल नंबर हवा, आणि तारखा मुक्काम संपेपर्यंतच्या हव्यात. आमची पॉलिसी नवऱ्याच्या नावावर आणि बुकिंग माझ्या. फाटकावर एक तास गेला.

नेण्याचंही थोडक्यात सांगते. कार्ट ट्रेलरवर चढवली की पट्टे तिच्या लोखंडी फ्रेमला बांधायचे, छताच्या दांड्यांना नाही. पुढची काच काढून गाडीत ठेवायची, हायवेच्या वाऱ्यात ती टिकत नाही. इलेक्ट्रिक कार्टला सीटखाली 'टो' आणि 'रन' असा स्विच असतो, तो आमच्या कार्टच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे 'टो'वर ठेवला. आणि ट्रेलरमुळे कुणाचं नुकसान झालं तर साधारणपणे ओढणाऱ्या गाडीचा विमा उपयोगी पडतो, पण ट्रेलरवरची कार्टच मोडली तर तो ती भरून देत नाही.

तिथे पोचलो. स्टिकर मिळाला, नियमांचा कागद मिळाला. लायसन्सवाल्यानेच चालवायची. जितक्या सीट तितकीच माणसं. बाबांनी तो कागद वाचला आणि चावीसाठी हात पुढे केला.

"बाबा, तुमचं लायसन्स संपलंय ना?"

"अगं, चाळीस वर्षं स्कूटर चालवली मी. कोथरूड ते पिंपरी, रोज. आणि ही बाहुलीची गाडी?"

मी नाही म्हटलं. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, त्याला मी म्हटलं की तुम्ही चालवायचं नाही, विमा चालत नाही. ते "बरं" म्हणाले आणि फोनवर पेपर वाचत बसले. दोन दिवस 'बरं'च्या पुढे संभाषण गेलं नाही. माझ्या जिवाला लागलं ते, पण चावी दिली नाही.

आणि मग तिसऱ्या दिवशी कार्ट मीच चालवत होते.

आमच्या शार्लटच्याच एक मैत्रिणीचं कुटुंब शेजारच्या जागेवर होतं. तिची सात वर्षांची मुलगी आणि माझा मुलगा मागे, बाबा माझ्या शेजारी. वेग म्हणाल तर धावणाऱ्या माणसाइतका. बाथहाउसपाशी डावीकडे वळले आणि वळतानाच ॲक्सिलरेटर दाबला. मागून माझा मुलगा ओरडला, "आई, ती पडली!"

हनुवटी फुटली होती. पाच टाके. डोक्याला काही झालं नाही, हे आज मी सहज बोलतेय, पण तेव्हा ते कळेपर्यंतचे दोन तास मला नको पुन्हा.

नंतर रात्री जागून मी वाचत बसले. डावीकडे वळलं की बसलेली माणसं उजवीकडे फेकली जातात आणि तिथे धरायला असतो नितंबाजवळचा एक बुटका दांडा. मागे तोंड करून बसलेलं मूल तर कार्टने वेग घेतला की सरळ रस्त्याच्या दिशेने जातं, पुढे काहीच आडवं नसतं. बहुतेक कार्टना ब्रेकही फक्त मागच्या चाकांना. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या परिषदेत २०२१मध्ये एक अभ्यास मांडला गेला. त्यात वर्षाला साडेसहा हजारांहून जास्त मुलं गोल्फ कार्टमुळे जखमी होतात असं निघालं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त १२ वर्षांपर्यंतची. त्या एजंटचा प्रश्न आगाऊ नव्हता.

बिल आलं एकोणीसशे डॉलरचं. मैत्रिणीच्या विम्याची डिडक्टिबल तीन हजारांची, म्हणजे सगळं तिच्याच खिशातून. मी म्हटलं, क्लेम करू. ती म्हणाली, "अगं वेडी का तू? आपापसात कसला क्लेम?" तिला वाटत होतं क्लेम म्हणजे माझ्यावर केस. आणि मला, खरं सांगू, आतून थोडं बरंच वाटलं होतं ती नको म्हणाली तेव्हा. म्हणजे माझी चूक कागदावर येणार नाही. हे मला स्वतःबद्दल आवडलं नाही.

बाबाच म्हणाले शेवटी. दोन दिवसांनंतरचं पहिलं पूर्ण वाक्य. "तू मला ज्या कागदासाठी चावी दिली नाहीस, तो कागद आता वापर की."

मग मी तिला बसवून दाखवलं. मेडिकल पेमेंट्समध्ये कुणाची चूक हे विचारतच नाहीत, बिल आणि डॉक्टरांचे कागद लागतात, बस. साडेतीन आठवड्यांत पैसे तिच्याकडे आले. मुलीच्या हनुवटीवर बारीक रेघ आहे. ती सगळ्यांना ऐटीत दाखवते, मला मात्र तिच्याकडे बघताना अजून ते वळण आठवतं.

घरी आल्यावर मागची सीट उलटी करून सामानाचा ओटा केला. तिथे आता फक्त आइसबॉक्स आणि खुर्च्या. पुढे दोन सीटबेल्ट बसवून घेतले. मुलं सायकलवर.

अनेकांनी विचारलंय की कार्ट फाटकाबाहेर, पलीकडच्या दुकानापर्यंत नेता येते का. साउथ कॅरोलायनात त्यासाठी वाहन खात्याचा पाच डॉलरचा परवाना लागतो, चालक किमान १६ वर्षांचा आणि लायसन्सवाला हवा, आणि तोही नोंदवलेल्या पत्त्यापासून चार मैलांच्या आत, ३५ मैलांपर्यंतच्या वेगमर्यादेच्या रस्त्यांवर. पत्ता शार्लटचा असलेल्या आम्ही फाटकाच्या आतच राहतो. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे, तिथले बघून घ्या.

यंदा जूनमध्ये बाबा पुन्हा येतायत. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. पुण्याच्या आरटीओतून नूतनीकरण केलेलं लायसन्स. मी एजंटला मेल टाकलाय, पाहुण्या चालकाचं पॉलिसीत काय होतं ते विचारायला. उत्तर आलं की सांगते. तोवर बाबांना कुणी काही बोलू नका!