मोटरसायकलवरचा अँटेना

उन्हाळा आला की अमेरिकेतले आपले बरेच जण मोटरसायकली बाहेर काढतात. आई-बाबा एका गाडीवर, मुलगा दुसऱ्या. ब्लू रिज पार्कवे ४६९ मैलांचा, आणि मोबाइलला रेंज नाही असे पट्टे त्यात भरपूर. मुलगा मागे राहिला, गाड्यांत अंतर पडलं, की हेल्मेटमधला ब्लूटूथही गप्प. तिथे रेडिओ हवा, आणि त्याचा अँटेना नीट हवा.

सीबी रेडिओ २७ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची लहर ११ मीटरची, म्हणजे पाव लहरीचा अँटेना जवळजवळ नऊ फुटी! एवढी काठी कोण लावणार? म्हणून तारेचं वेटोळं घालून ती आखूड करतात, आणि आवाज तितका दूर जात नाही. ट्रकवाल्यांच्या १९ नंबर चॅनेलवरच्या गप्पा ऐकायच्या तर सीबीच लागतो, ते खरं. घरच्यांसाठी मी जीएमआरएस सुचवेन. लायसन्स ३५ डॉलरचं, १० वर्षांचं, परीक्षा नाही, आणि एकावर सगळं घर बोलू शकतं.

त्याचा पाव लहरीचा अँटेना फक्त सहा इंची. पण अर्धं काम खालचा धातू करतो, हे लक्षात घ्या. कारला पत्र्याचं छप्पर असतं. गोल्ड विंगसारख्या गाडीची मागची पेटी प्लास्टिकची. तिच्यावर नुसता अँटेना ठोकला तर पैसे वाया. त्यापेक्षा खाली धातू न लागणारा अर्ध्या लहरीचा घ्या, फूटभर लांब. सीबीचा असेल तर ब्रॅकेटपासून फ्रेमपर्यंत जाड, आखूड तार ओढा, आणि जोडाखालचा रंग खरवडा.

जागा मागेच, पण उंच. माणसाचं शरीर या लहरी शोषतं. अँटेना पाठीआड लपला तर पुढच्या गाडीला नीट ऐकू जात नाही. टोक डोक्याच्या वर हवं, मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत अजिबात नको. ५० वॅटचा सेट असेल तर अंतर आणखी वाढवा, नाहीतर कमी वॅटवर बोला.

शेवटी एसडब्ल्यूआर मीटर लावून बघा. गाडी गॅरेजबाहेर मोकळ्यावर, दोघंही वर बसलेले. दीडच्या आत आकडा उत्तम. तीनच्या वर गेला तर बोलायचं बटण दाबू नका, सेट जळू शकतो. आधी जोड तपासा, बहुतेक वेळा तार तिथेच सुटलेली असते.