जोडीने बदललेली अक्षरे
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



बाप्पाच्या मांडवात जीवाणूंची गोष्ट सांगायला मंडळाने आम्हां शिक्षकमंडळींना बोलावले, याचा आनंद आहे.

आपल्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. ठिकठिकाणच्या पोथ्या शेजारी ठेवून, पाठभेद तपासून विद्वानांनी जुन्यात जुना पाठ शोधला. जीवशास्त्रज्ञही जीवाणूंच्या पोथ्या अशाच शेजारी ठेवून वाचतात.

जीवाणूची पोथी म्हणजे त्याचा डीएनए. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायची पोथी 1997 मध्ये पूर्ण वाचून झाली; तिच्यात सुमारे 46 लाख अक्षरे आहेत. बहुतेक भाग जनुकांचा. जनुकावरून आरएनए नावाची नक्कल निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनते. पण जनुकांच्या मधल्या, कोऱ्या वाटणाऱ्या जागेतूनही काही आरएनए निघतात. ते प्रथिन बनवत नाहीत. स्वतःचीच घडी घालून काम करतात. जनुकाची सुरुवात आणि शेवट ओळखू येतो. यांना तशी खूण नाही. मग ते सापडावेत कसे?

आरएनएची अक्षरे चार : ए, यू, जी आणि सी. ए ची जोडी यू शी, जी ची सी शी. या जोड्यांमुळेच धागा दुमडतो. समजा, एका जीवाणूत एका जागी जी आहे आणि तिच्या जोडीच्या जागी सी. दुसऱ्या जीवाणूत जी च्या जागी ए आला, तर सी च्या जागीही यू आलेला दिसतो. एकदा घडले तर योगायोग म्हणू. पण अनेक जोड्यांत, शेकडो जीवाणूंत हेच दिसले, तर निसर्ग ती घडी जपतो आहे असे समजावे. पोथीचा अभ्यासक न बदललेली अक्षरे शोधतो. इथे जोडीने बदललेली अक्षरे साक्ष देतात.

अमेरिकेतील येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर, झाशा वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने अशी साक्ष गोळा केली. 2007 मध्ये त्यांनी असे 22 आरएनए मांडले, 2010 मध्ये 104. त्यांना त्यांनी 'उमेदवार' म्हटले, कारण काम सिद्ध व्हायचे होते.

त्यांतल्या एका उमेदवाराचे काम 2012 मध्ये कळले. तो फ्लोराइड ओळखतो! टूथपेस्टमधले हेच फ्लोराइड पेशीत साचले की जीवाणूला घातक. हा आरएनए त्याला पकडतो आणि ते बाहेर घालवणारी जनुके चालू होतात. आरएनए आणि फ्लोराइड दोघेही ऋणभारित, म्हणजे एकमेकांना दूर ढकलणारे. मध्ये मॅग्नेशियमचे तीन आयन बसतात, म्हणून ही भेट जमते.

दुसऱ्या एकाने फार वाट पाहायला लावली. वायकेकेसी नावाचा हा आरएनए 2004 मध्ये सापडला. तो काय ओळखतो, हे कळायला बारा वर्षे लागली. उत्तर निघाले ग्वानिडीन. जीवाणूंच्या जगण्यात या विषारी पदार्थाला काही स्थान असेल, असे कुणाला वाटले नव्हते. शोधात असे दिसले की जीवाणू तो स्वतःही तयार करतात आणि मग बाहेर टाकतात. जीवाणूंच्या संसारातली ही बाजू एका 'निनावी' आरएनएमुळे उजेडात आली.

मांडवातल्या विद्यार्थ्यांना आमचे दोन शब्द. या पोथ्या आज सर्वांना खुल्या आहेत. इंटरनेट आणि चिकाटी असेल तर आपल्या गावात बसूनही त्या ताडून पाहता येतात. मात्र तुलनेने हाती येते ते अनुमान. प्रमाण प्रयोगशाळेतच मिळते. आणि ज्याचा अर्थ आज लागत नाही, त्याला निरुपयोगी म्हणण्याची घाई करू नका. बारा वर्षे कुणी ते पान उघडे ठेवले, म्हणून ते वाचता आले.

गणपती बाप्पा मोरया!