तळव्याची रोजची पाहणी

चपलेत खडा शिरला की माणूस लगेच थांबतो. कुष्ठरोगाने ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे, तो मात्र तसाच चालत राहतो. घरी पोचल्यावर कळतं, तेही चपलेतलं रक्त पाहून.

कुष्ठजंतू पाय कुरतडतात म्हणून अशा जखमा होतात, असा पूर्वी समज होता. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी खरं कारण दाखवलं: हरवलेली वेदना आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब. त्या जागेला विश्रांती दिली, की जखम भरून येऊ लागते.

म्हणून रुग्णांना घरचा नेम शिकवतात. पाय साध्या पाण्यात २० मिनिटं भिजवायचे, जाड झालेली कातडी हलकेच घासायची, ओलसर पायांवरच तेल चोळायचं. जखमेवर मात्र स्वच्छ कापडाची पट्टी. तळवा रोज पाहायचा, दिसत नसेल तर आरसा घेऊन, आणि पायात मऊ रबराची चप्पल.

मधुमेहातही तळव्याची संवेदना जाऊ शकते, म्हणून मधुमेहींनीही तळवे रोज पाहावेत. त्यांनी पाय भिजत ठेवणं मात्र टाळावं.

जखमेला वास आला, सूज चढली किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.