जमिनीचा संथ कंप आणि ज्वालामुखीची चाहूल

(निजामपुरा, भिवंडी येथील व्याख्यानाचा मजकूर)



निजामपुऱ्यात यंत्रमागांचा खडखडाट परिचयाचा आहे. एकेका मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे जातो आणि त्याचा कंप जोत्यातून जमिनीत उतरतो. या खडखडाटाखाली दुसराही एक कंप असतो. तो समुद्राच्या लाटांनी उत्पन्न होतो, पाच-दहा सेकंदांनी एकदा हेलकावतो आणि मनुष्याला मुळीच जाणवत नाही. भूकंपाच्या अभ्यासकांना तो दीर्घकाळ निव्वळ अडथळा वाटे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मात्र त्यांनी त्यालाच कामास लावले.

दोन ठिकाणच्या भूकंपमापकांच्या अनेक दिवसांच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहिल्या, की एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यास लहरीला किती वेळ लागतो हे त्या विस्कळीत कंपातूनच हाती येते. भूकंप होण्याची वाट पाहावी लागत नाही. पर्वताच्या पोटात तप्त शिलारस शिरून खडकातील फटी उघडल्या, तर लहरींचा वेग किंचित मंदावतो.

या पद्धतीचे गाजलेले उदाहरण भिवंडीला अगदीच परके नाही. येथील काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो ज्या तप्त स्थानातून आला, ते आज हिंदी महासागरातील रीयुनियन या फ्रेंच बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. मधल्या काळात भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकला. बेटावरील पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखीचा लाव्हा १९७७ मध्ये एका गावात शिरला. त्यानंतर तेथे वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या १९९९-२००० मधील नोंदी तपासून ब्रँगिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की उद्रेकांपूर्वी लहरींचा वेग घटत होता. ही घट जेमतेम एक सहस्रांश, म्हणजे दहा सेकंदांच्या प्रवासास शतांश सेकंद अधिक! एवढा सूक्ष्म फरक टिपता यावा, हे खरोखर नवल होय. अर्थात पावसाचे पाणी मुरल्यानेही वेग बदलतो. म्हणून एवढ्याच पुराव्यावर गाव रिकामे करवणे उचित ठरणार नाही. जमिनीची फुगवट आणि बाहेर पडणारे वायू यांच्या मोजमापांची जोड आवश्यक असते.

मग भिवंडीखाली ज्वालामुखी आहे काय? नाही. भारतातील जागृत ज्वालामुखी अंदमानातील निर्जन बॅरन बेटावर आहे. याच तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडे गरम असतात, कारण खोलवर मुरलेले पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून फटींतून वर येते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तिचाही ज्वालामुखीशी संबंध नाही. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हे ग्रामस्थांना निःशंकपणे सांगावे, आणि धक्क्यांच्या प्रदेशात घरांच्या भिंती व छप्परे मजबूत करण्याकडे त्यांचे लक्ष वेधावे.