वस्तीचे देणे
(सुवर्णमहोत्सवी समारंभात मंडळाच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



आपल्या मंडळाने पन्नास वर्षांचा टप्पा गाठला, याचा आनंद आज या सभागृहात ओसंडत आहे. या निमित्ताने जो निधी जमेल त्याचा काही भाग मंडळाच्या वास्तूबाहेर, या चेन्नई शहरातील एखाद्या गरीब वस्तीच्या उन्नतीसाठी खर्च करावा, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु कोणत्या वस्तीला द्यावयाचे, कशासाठी द्यावयाचे आणि कोणाच्या विचाराने द्यावयाचे, हे तीन प्रश्न सोडविल्याखेरीज दिलेला पैसा बहुधा वाया जातो. क्वचित अपायही करतो. आज आम्ही या तीन प्रश्नांचाच विचार आपणांपुढे मांडणार आहोत.

आपण सारे या शहरात निरनिराळ्या वाटांनी आलो. कोणाचे पूर्वज तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात स्थिरावले आणि काही पिढ्यांनंतर तेथून मद्रासेस आले; कोणी सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी सौकारपेठेत उतरले; कोणी रेल्वे, बँका व केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतील बदलीने आले. भाषा परकी, अन्न परके, तरीही आपले पाय येथे रोवले गेले. त्याचे श्रेय केवळ आपल्या कर्तबगारीला नाही. जामीन राहणारा गाववाला, खोली मिळवून देणारा नातलग, अर्ज लिहून देणारा शेजारी, असे कोणीतरी आपल्या पाठीशी होते. ज्याला मागता येते त्याला मिळते. ज्याच्यासाठी मागणारे कोणी नाही तो रांगेतच राहतो. महानगरातील दानाचेही असेच होते, आणि हाच आमच्या विवेचनाचा गाभा आहे.

या भूमीत मराठी राजघराण्याने दानाची जी रीत घालून दिली, ती प्रथम आठवू. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे उभारली. ओरतनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावरही छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत, म्हणून दुसऱ्या शरफोजीराजांनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहिले. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांस औषधोपचार, बाळंतिणींची शुश्रूषा, अनाथ मुलांचे पालन, ही छत्रांची कामे होती. मोठ्या छत्रांत पाठशाळाही चालत, आणि खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले असे. जेथे गरज तेथेच सोय आणि खर्चाची कायमची तरतूद, हे दोन गुण आजही घेण्यासारखे आहेत. तथापि एक भेद लक्षात ठेवावा लागेल. छत्रातला वाटसरू जेवून पुढे निघतो. वस्तीतला माणूस तेथेच राहतो. त्याला उपकारापेक्षा निर्णयात वाटा अधिक हवा असतो.

दात्याचा हेतू कितीही थोर असला, तरी तेवढ्याने भागत नाही, हे याच शहरातील पच्चैयप्पा मुदलियार यांच्या दानावरून दिसते. १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले. मागे ठेवलेली मोठी संपत्ती धर्मकार्यास लावावी, असे त्यांचे मृत्युपत्र होते. पण ती अनेक वर्षे तंट्यांत अडकून पडली. न्यायालयाने लक्ष घातल्यावर शिल्लक रकमेतून शिक्षणाचे काम सुरू झाले आणि १८४२ मध्ये शाळा उघडली. तिच्यातून पुढे नामांकित महाविद्यालय झाले. मात्र ते १९४७ पर्यंत केवळ हिंदूंसाठी होते. दात्याच्या मृत्यूपासून शाळेच्या दारापर्यंत जवळजवळ अर्धे शतक गेले, आणि त्या दारातून सर्वांना आत येण्यास आणखी एक शतक लागले. देखरेख नसेल तर दान निजून राहते. आणि दार कोणासाठी उघडे, हे पहिल्या दिवशीच ठरले नाही तर ते पुढे सहजासहजी ठरत नाही.

आता आजच्या काळाकडे वळू. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १३५ नुसार, १ एप्रिल २०१४ पासून ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्या कार्यांच्या यादीत झोपडपट्टी विभागाच्या विकासाचाही समावेश आहे. या तरतुदीने मोठा ओघ सुरू झाला. पण त्याच कलमात, कंपनी जेथे काम करते त्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही म्हटले आहे. परिणामी कचेऱ्या जेथे, तेथे पैसा. आणि अर्ज, अहवाल, छायाचित्रे व्यवस्थित सादर करणारी संस्था जेथे, तेथे तो अधिक. राज्य शासनाच्या ‘नमक्कु नामे’ योजनेत रस्ता, उद्यान वा तलाव यांच्या खर्चाचा किमान एकतृतीयांश वाटा लोकांनी उचलला की उरलेला शासन देते. स्वावलंबनाचे तत्त्व चांगलेच आहे. परंतु सुखवस्तू वसाहतीत तो तृतीयांश एका सभेत जमतो, आणि सफाई कामगारांच्या वस्तीत तो वर्षभर जमत नाही. मग उद्यान कोठे होणार, हे सांगावयास नको. पाणी उताराकडे धावते, पण अनुदान बहुधा चढाकडे जाते. ते उताराकडे वळवावयाचे तर कोणीतरी मुद्दाम पाट काढावा लागतो.

‘कशासाठी’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चेन्नईच्या अलीकडच्या इतिहासातच आहे. १९७० मध्ये येथे झोपडपट्टी निर्मूलन मंडळ स्थापन झाले. २०२१ मध्ये त्याचे नाव बदलून नागरी वसति विकास मंडळ असे झाले. १९७७ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने अरुंबाक्कम, विल्लिवाक्कम यांसारख्या भागांत निराळी योजना आली. शासनाने आखलेला भूखंड, पाणी, मोऱ्या व रस्ते द्यावयाचे, घर मात्र ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे हळूहळू बांधावयाचे. लहान आणि मोठे भूखंड एकाच वसाहतीत ठेवलेले होते. मुंबईत पुढे चारकोप वसले ते याच धर्तीवर. हे सारे कर्जाऊ पैशांतून झाले, दानातून नव्हे, हे खरे. पण धडा दानालाही लागू आहे. त्या काळी अनेकांनी या योजना फसल्या असे मानले. पुढे मुंबई व चेन्नईतील या वसाहतींची संशोधकांनी पुन्हा पाहणी केली. तिचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्या गजबजलेल्या, नांदत्या आणि निरनिराळ्या उत्पन्नाच्या कुटुंबांना सामावून घेणाऱ्या झाल्या आहेत.

याच्या उलट २००० नंतर शहराच्या मध्यातून आणि नदीकाठांवरून हजारो कुटुंबे कण्णगी नगर, सेम्मंचेरी, पेरुंबाक्कम येथील इमारतींत हलविण्यात आली. एकट्या कण्णगी नगरात १५,००० हून अधिक घरे आहेत. डिसेंबर २०१५ च्या महापुरानंतर हा ओघ वाढला. डोक्यावर पक्के छप्पर आले, पण धुण्याभांड्याची कामे, मुलांची शाळा, उधारीवर देणारा वाणी आणि ओळखीचा डॉक्टर, हे सारे सुमारे २० किलोमीटर मागे राहिले. म्हणून आम्हांस वाटते, घर देणे आणि वस्ती घडविणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले शासनाचे कर्तव्य आहे, ते आपण अंगावर घेऊ नये. दुसऱ्यात आपल्यासारख्यांचा हातभार लागू शकतो.

बाहेरून येणाऱ्या मोठ्या अनुदानाची मर्यादाही याच शहराने पाहिली. अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानने जगातील शंभर शहरे संकटांना तोंड देण्यास सक्षम करण्याचा उपक्रम हाती घेतला. डिसेंबर २०१४ मध्ये त्यात चेन्नईची निवड झाली. अभ्यास झाला, सभा झाल्या, आणि २०१९ च्या जूनमध्ये शहराचा आराखडा प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच महिन्यात, जुलैअखेर, त्या जागतिक उपक्रमाचे कार्यालय बंद झाले. आराखडा व्यर्थ होता असे आम्ही म्हणत नाही. पण अनुदानाचे आयुष्य दात्याच्या इच्छेवर आणि वस्तीचे आयुष्य पिढ्यांवर मोजले जाते. जे काम दात्यामागे उरावयाचे ते वस्तीतील माणसांच्या हातीच असावे लागते.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘कोणाच्या विचाराने’ याचे उत्तर एका तमिळभाषक माणसाने आपल्या महाराष्ट्रात देऊन ठेवले आहे. जॉकिन अर्पुतम कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावाहून तरुणपणी मुंबईत आले आणि जनता कॉलनीत राहिले. १९७६ मध्ये ती वस्ती उठविण्यात आली. तिच्या हक्कासाठी लढता लढता ते देशभरच्या झोपडीवासीयांचे पुढारी झाले. १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘स्पार्क’ ही संस्था आणि भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांचे ‘महिला मिलन’ यांच्यासह त्यांनी जे काम केले त्याचा पाया साधा होता. आपल्या झोपड्यांची मोजणी आपणच करावयाची, रोजच्या कमाईतून थोडे मागे टाकावयाचे, आणि मग हाती कागद घेऊन कचेरीत जावयाचे. त्यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते निवर्तले. तमिळ मातृभाषेच्या माणसाने मराठी मुलखातील बेघरांसाठी आयुष्य वेचले. तमिळ मुलखात सुखाने नांदणाऱ्या मराठी माणसांवर त्याचे ऋण नाही, असे कोण म्हणेल?

या विचारान्ती आमच्या सूचना अशा. निधी एकाच वस्तीला द्यावा, आणि एका समारंभापुरता न देता किमान दहा वर्षे, दरवर्षी थोडा थोडा द्यावा. वस्तीची निवड करताना कोणाचा अर्ज सुबक आहे हे पाहू नये. जेथून अर्जच येत नाहीत अशी वस्ती आपण होऊन शोधावी. खर्च ठरविण्याचा अधिकार रहिवाशांच्या समितीला असावा, तीत निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात, आणि सभा तमिळमध्येच व्हाव्यात. आपल्याला समजत नसेल तर आपण शिकावे. शिधापत्रिका, शाळाप्रवेश, निवृत्तिवेतन यांचे अर्ज भरून पाठपुरावा करणाऱ्या वस्तीतील एखाद्या मुलीचे मानधन, बिघडलेल्या पंपाची दुरुस्ती, अभ्यासिकेचे वीजबिल, अशा ज्या खर्चांवर कोणी नामफलक लावीत नाही, त्यांनाच अग्रक्रम मिळावा. हिशेब दरमहा वस्तीतल्याच भिंतीवर तमिळमध्ये लागावा. त्या भिंतीवर आपल्या मंडळाचे नाव नसले तरी चालेल.

‘घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे’, असे काही सभासद म्हणतील. आपल्या सभागृहाचे छप्पर गळते, ग्रंथालयात नवी पुस्तके नाहीत, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची सोय व्हावयाची आहे, हे आम्ही जाणतो. ती कामे अवश्य व्हावीत, आणि आधी व्हावीत असेही कोणी म्हटले तर आमचा विरोध नाही. मात्र ती पुरी होईपर्यंत दुसरे थांबवू म्हटले, तर ते शंभराव्या वर्षीही थांबलेलेच राहील. निधीच्या दहाव्या हिश्शापासून आरंभ केला तरी पुरे.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत ठरावरूपाने यावा आणि त्यावर मोकळी चर्चा व्हावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.