जुन्या आखाची नवी गाडी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामीण कारागीर यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोडीत निघालेल्या मालमोटारीचा आख, दोन जुने टायर, काही लोखंडी चॅनेल आणि गावच्या वेल्डिंगच्या दुकानातील थोड्या दिवसांचे काम एवढ्या सामग्रीवर ऊसपट्ट्यातील कित्येक टायरगाड्या उभ्या राहिल्या आहेत. पूर्वीच्या गाडीचा तुंबा आखावर घासत फिरे. वंगण आटले की तिची कुरकुर शिवारभर ऐकू येई आणि लोखंडी धाव रस्त्याला चाकोऱ्या पाडी. टायरगाडीत तुंबा बेअरिंगवर फिरतो, रस्त्याचे धक्के टायरातील हवा सोसते. जनावरांच्या छळास प्रतिबंध करणारे ओझ्याविषयीचे १९६५ चे नियम हा फरक मान्य करतात. दुचाकी गाडीला हवेचे टायर असल्यास साध्या चाकांच्या दीडपट आणि बॉल-बेअरिंग असल्यास दुप्पट ओझे ते मान्य करतात. तथापि त्याच नियमांनी दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली आहे आणि तापमान ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपण्यास मनाई केली आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

गाडीचा बरेवाईटपणा आखाच्या निवडीवर ठरतो. मालमोटारीच्या मागील आखात सामान्यतः चाकाचा तुंबा बाहेरच्या जाड नळीवर, स्वतःच्या बेअरिंगांवर फिरत असतो; आतील दांडा केवळ गती देतो. तो काढून तोंडाशी झाकण बसवले तरी चाक जागेवर राहते. उलट कित्येक हलक्या मोटारींत चाक त्या आतील दांड्यानेच धरलेले असते. वजन कमी करण्याच्या हेतूने दांडा काढला की चाकही निघून येते. पुढचा आख घेतल्यास चाके वळवणारे सांधे कायमचे पक्के करावे लागतात, अन्यथा चाके आपल्या मर्जीने फिरतील. कमानीच्या पाट्यांना वेल्डिंग करू नये. तापवलेले पोलाद त्याच जागी तडकते. पाटे आखाला यू-बोल्टनेच आवळावेत. हवा भरलेला टायर चाकावर असताना रिमला वेल्डिंग करणे तर प्राणावर बेतणारे आहे, कारण आतील हवा तापून टायर स्फोटासारखा फुटतो. आख विकत घेताना भंगारवाल्याची पावती घ्यावी. चोरीच्या मोटारीचा आख निघाला, तर पोलिसांपुढे गाडीवाल्यालाच उभे राहावे लागते.

आख साट्याखाली नेमका कोठे बसवावा, हे जुने सुतार अचूक जाणत. तो फार मागे गेला तर गाडी धुरजड होते आणि बैलाला खांदेसूज येते. फार पुढे आला तर ती उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. भरलेल्या गाडीचा थोडाच भार जुवावर राहावा. रिकाम्या गाडीवर अंदाज घेऊन हे जमत नाही. ओझे भरूनच तोल पाहावा.

आता ब्रेकविषयी. लाकडी गाडीचे घर्षण चढावर बैलांना जाचत असे, परंतु उतारावर तेच त्यांच्या उपयोगी पडे. टायरगाडी सहज पळते, आणि म्हणूनच उतारावर सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. जुन्या आखाबरोबर ब्रेकचे ड्रम आयते येतात. ते काढून भंगारात विकणे ही सर्वांत महागात पडणारी काटकसर होय. गाडीवानाच्या हाताशी एक तरफ आणि तेथून चाकांपर्यंत सळई किंवा तार, इतकी सोय गावच्या कारागिराला सहज करता येते.

बैल सोडून हीच गाडी ट्रॅक्टरला जोडली, की कायद्याच्या दृष्टीने ती बैलगाडी राहत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन म्हणजे ट्रेलर, आणि त्याला नोंदणी लागते. ही केवळ कागदाची बाब नव्हे. बैलांच्या चालीसाठी बांधलेली, ब्रेक नसलेली गाडी ट्रॅक्टरच्या वेगाने नेली, तर वळणावर ती ट्रॅक्टरलाच रेटू लागते. एकामागे एक अशा दोन गाड्या जोडणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

गळीत हंगामात या गाड्या रात्री-पहाटे रस्त्यावर असतात. मागे लाल व पुढे पांढरे परावर्तक लावण्यास येणारा खर्च एका टायरच्या किमतीपुढे नगण्य आहे. हंगामापूर्वी, ऑक्टोबरच्या सुमारास, ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून गावातील सर्व गाड्यांना ते लावून घ्यावेत; साखर कारखान्याच्या शेतकी विभागाचेही यात साहाय्य मागता येईल. चालत्या गाडीमागे लोंबकळून ऊस ओढणाऱ्या मुलांना शिक्षकांनी शाळेतच समज द्यावी. आणखी एक गोष्ट लहान वाटेल, पण सांगितलीच पाहिजे. चाक बसले की गाडीवान चाकांना दगडांची उटी लावतो आणि भोवती दगड मांडून ठेवतो. दुरुस्ती होते, गाडी निघून जाते. दगड मात्र डांबरी रस्त्यावर तसेच राहतात, आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराला ते अंधारात दिसत नाहीत. गाडी हलवण्यापूर्वी ते उचलून कडेला टाकण्यास दोन मिनिटे पुरतात.