रविवारी सायकल, बुधवारी पाणी

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, लगेच सायकल, मग धावायचं. त्यातला एक खूप लांब प्रकार आयर्नमॅन: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ साली, झुरिचला ते पूर्ण केलं.

आम्हाला शर्यत नको. पण हौशी खेळाडू आठवड्यातून दोन-तीनदा पोहतात, सुट्टीला मिळून लांब सायकल चालवतात, ते आम्ही गटात उचललं. सायकली घरच्याच, मुलींच्या शाळेच्या. रविवारी पहाटे सात-आठ जणी निघतो, एकीमागे एक. पुढची वारा झेलते, मागचीला जोर कमी लागतो. म्हणून आळीपाळीने पुढे होतो. थांबायचं तर पुढचीने आधी हाक द्यायची. एकदा दिली नाही, तीन जणींचे गुडघे फुटले.

खरी भीती पाण्याची. आपला जिल्हा तलावांचा. चिखलात दिवसभर रोवणी करतो, पण पाय घसरून खोल पाण्यात गेलो तर हात मारता येत नाही. गटात एकटीलाच पोहता येतं, ती ढिवरांच्या घरची. बुधवारी तीच शिकवते. कमरेएवढं पाणी, वेली नसलेला घाट, अंगात सलवार-कुर्ता, कारण लुगडं पायात गुंततं. काठावर एक जण दोर आणि हवा भरलेली ट्यूब घेऊन उभी. पहिला महिना नुसतं तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा. हसू येतं, पण तेच सगळ्यात कठीण.

पावसाळ्यात तलाव भरले की पोहणं बंद. सायकल चालूच.